व्याकरणातून ‘मन म्हणजे गणन’ ही कल्पना कशी निघाली?

प्रश्न (मानसशास्त्राचा विद्यार्थी, सातारा)
बोधनिक (कॉग्निटिव्ह) मानसशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात चॉम्स्की यांचे नाव येते. शाळेत प्रयोग आणि समास ओळखण्यापुरतेच व्याकरण शिकल्यामुळे वाक्यरचनेच्या अभ्यासकाचा मनाच्या सिद्धांताशी संबंध काय, हे मला उमगत नाही. संगणक आला आणि मनाला त्याची उपमा मिळाली, एवढे स्पष्टीकरण पुरेसे नाही का? शिवाय हे सारे पाणिनीने आधीच केले होते, असेही ऐकतो.

उत्तर (निवृत्त प्राध्यापिका, सांगली)
पुरेसे नाही, कारण उपमेतून सिद्धता मिळत नाही आणि व्याकरणाने ती दिली. “जर जो येईल तो मुक्कामी राहणार असेल, तर स्वयंपाक वाढवावा लागेल” हे वाक्य पाहा. ‘जर’ उघडून ठेवायचा, मध्येच ‘जो’ उघडायचा, आधी ‘तो’ने ‘जो’ मिटवायचा आणि मगच ‘तर’कडे यायचे. अशी गुंफण तत्त्वतः कितीही खोल जाऊ शकत असल्याने, ठरावीक अवस्थांपलीकडे स्मृती नसलेल्या यंत्राला ती पेलत नाही. त्याला भाकऱ्यांच्या चळतीसारखी, शेवटी ठेवलेले आधी काढणारी स्मृती लागते. इंग्रजीबाबत हा युक्तिवाद चॉम्स्की यांनी ११ सप्टेंबर १९५६ रोजी अमेरिकेतील एमआयटी या तंत्रसंस्थेतील परिसंवादात मांडला. त्याच दिवशी न्यूवेल आणि सायमन यांनी तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणाऱ्या आपल्या संगणक-आज्ञावलीची माहिती दिली, आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी पुढे तोच दिवस बोधनिक विज्ञानाचा आरंभ मानला. भाषा म्हणजे उद्दीपक-प्रतिसादाची साखळी, हे वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या १९५७ च्या ग्रंथातील मत चॉम्स्की यांनी १९५९ च्या परीक्षणात खोडून काढले, त्यालाही या गणिताचे पाठबळ होते. व्याकरण हे आता बोलणाऱ्याला नकळत अवगत असलेल्या नियमांचे वर्णन ठरले, आणि असे नियम पायरीपायरीने चालवणे म्हणजेच गणन.

उत्तर (संगणक क्षेत्रातील वाचक, वाई)
पाणिनीविषयी थोडे जपून बोलावे. सुमारे चार हजार सूत्रांची ती रचना नियमांतून रूपे घडवते, हे चॉम्स्की यांनीही मान्य केले आहे. संगणकभाषांचे व्याकरण लिहिण्याच्या बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे, अशी सूचना इंगरमन यांनी १९६७ मध्ये केली होती. मात्र साम्य म्हणजे वारसा नव्हे. चॉम्स्की यांच्या नियमांचे गणिती मूळ गणितज्ञ एमिल पोस्ट यांच्या १९४३ मधील कामात सापडते. ‘नासाने संगणकासाठी संस्कृत निवडली’ ही वदंता तर रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ च्या एका लेखावर उभी आहे, आणि त्या लेखात तसे काही म्हटलेले नाही.

उत्तर (पालक, कराड)
माझी तीन वर्षांची मुलगी ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणते. घरात तसे कोणीच बोलत नाही. मनात नियम असल्याचा हा पुरावा मानावा का?

उत्तर (प्राध्यापिका, सांगली)
बराच काळ तसेच मानले गेले. मग १९८६ मध्ये रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांनी, एकही नियम लिहून न देता, केवळ जोडण्यांची बळे बदलत शिकणाऱ्या, संगणकावरील कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्याकडून इंग्रजी भूतकाळात अशाच चुका करवून दाखवल्या. पिंकर आणि प्रिन्स यांनी १९८८ मध्ये त्या जाळ्यातील उणिवा दाखवल्या, पण ‘चूक दिसली म्हणजे नियम आहेच’ हा जुना निर्धास्तपणा परत आला नाही. माझ्या मते ते बरेच झाले. मुलीच्या अशा रूपांची तारीखवार नोंद मात्र अवश्य ठेवा. तीत ‘पाणी पिलं’ धरू नका. ते आपल्याकडे मोठी माणसेही म्हणतात.