मदत हवी आहे: टाउटनला लढलेले साधे सैनिक कोण होते?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या 'वॉर्स ऑफ द रोझेस'बद्दल (यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांची गादीसाठीची यादवी) वाचतोय आणि २९ मार्च १४६१च्या टाउटनच्या लढाईवर अडकलोय. यॉर्क घराण्याचा चौथा एडवर्ड तेव्हा अवघा अठरा वर्षांचा. समोर सहाव्या हेन्रीची लँकेस्टर फौज, सेनापती सॉमरसेटचा ड्यूक. हेन्री स्वतः मात्र यॉर्क शहरात. भर हिमवादळात यॉर्कच्या लॉर्ड फॉकनबर्गच्या तिरंदाजांना वाऱ्याची साथ मिळाली, लँकेस्टरचे बाण लक्ष्यापर्यंत न पोचता आधीच पडले. दुपारनंतर यॉर्कच्या मदतीला नॉरफोकच्या ड्यूकची कुमक आली, लँकेस्टरची फळी मोडली आणि कॉक बेक ओढ्याकडे पळणाऱ्यांची कत्तल झाली.

सरदारांची माहिती भरपूर मिळते. मला हवी आहे ती बाकीच्यांची. १९९६ मध्ये टाउटनला सामूहिक कबर सापडली. त्यातल्या कवट्यांवर घावांवर घाव आहेत आणि काही हाडांवर आधीच्या लढायांतल्या, भरून आलेल्या जखमाही. म्हणजे सगळेच काही नांगर सोडून आलेले नवखे नव्हते! हे वाचल्यापासून ती माणसं डोक्यातून जात नाहीत.

तर जाणकारांनी सांगावं: या माणसांना कोण, कसं गोळा करायचं? रोजी किती मिळायची? धनुष्य, चिलखत स्वतःचं की सरदाराचं? आणि त्या काळच्या पत्रांतला २८,००० मृतांचा आकडा तुम्ही कितपत मानता? मला तरी तो फार मोठा वाटतो.

लीड्स-यॉर्क भागात राहणारं कुणी रणभूमीवर जाऊन आलं असेल, तर कॉक बेकपर्यंत पायी जाता येतं का, तेही कृपया कळवा.