मदत हवी आहे: लॅम्बोर्गिनी एलएम००२ च्या छोट्या मॉडेलवरचा ऑइलपेंट कसा काढू?

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गंजकी कुलपं आणि नळाच्या तोट्या यांच्या ढिगात एक डाय-कास्ट (साच्यात धातू ओतून केलेली) खेळण्यातली गाडी सापडली. विकणारा म्हणाला, "मिलिटरीची जीप हाय, अडीचशे द्या." दोनशेला आणली. भाचा म्हणतो हमर आहे.

हमर नव्हे. बॉनेटवरचा उंचवटा बघूनच मी थांबलो होतो. लॅम्बोर्गिनीने आपल्या काउंटॅक या स्पोर्ट्स कारचं ५.२ लिटरचं व्ही-१२ (बारा सिलिंडरचं) इंजिन या धुडात बसवलं, त्यावर वेबर कंपनीचे सहा कार्ब्युरेटर. सपाट बॉनेटखाली ते मावणार कुठे? शिवाय मागे छोटासा उघडा हौदा. म्हणजे एलएम००२ च. १९८६ साली ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात ही गाडी आली, आणि सगळ्या मिळून तीनशेच्या आसपास बनल्या. खरी बघण्याचा योग आपल्या नशिबी नाही, म्हणून ही तरी नीट करावी म्हणतो.

खऱ्या गाडीची रुंदी २ मीटर, माझी व्हर्नियरवर साधारण ४६ मिलिमीटर भरते. म्हणजे १:४३ (खरीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याएवढी) असावी. तळावरचं कंपनीचं नाव कुणीतरी कानशीने घासून टाकलंय (का, देव जाणे).

खरी अडचण पुढे आहे. कुण्या महाभागाने वरून गेटला देतात तसला लाल ऑइलपेंट फासलाय. दारांच्या फटीसुद्धा बुजल्यात. टायर चिकट झालेत. रंग कशाने काढू? घरात कॉस्टिक सोडा आहे, चालेल? आणि मूळ रंग कोणता होता ते कसं कळेल?

प्रतिसाद १
सोड्याला हातही लावू नका! ही बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, सोडा जस्ताला खातो. अ‍ॅसिटोनही थेट नको, खिडक्यांचं प्लास्टिक विरघळेल. आधी तळाचे रिव्हेट बारीक ड्रिलने हळूच उडवा, प्लास्टिकचं सगळं बाहेर काढा, मग नुसत्या धातूला पेंट रिमूव्हर लावा. हातमोजे घालून, गच्चीत. मूळ रंग छताच्या आतल्या बाजूला शोधा, ब्रश तिथवर पोचत नाही.

प्रतिसाद २
टायर पीव्हीसीचे असतील तर त्यातलं तेल बाहेर येतंय. भांड्यांच्या साबणाने धुवा, पण गाडी प्लास्टिकच्या डबीत टायरवर उभी ठेवू नका, चिकटून बसते. पोटाखाली लाकडी ठोकळा द्या.

धागाकर्ता
दोघांचे आभार. रिव्हेट निघाले. छताच्या आतून पांढरा रंग निघाला! पण बॉनेटच्या आतल्या बाजूला काळा आहे. बॉनेट दुसऱ्या गाडीचं बसवलंय, की मुळातच दुरंगी यायची? कुणाकडे १:४३ ची असेल तर बॉनेट उघडून फोटो टाका ना.