चाल आधी की शब्द आधी? गाणं तुमच्या कानात कसं उतरतं, ते लिहा

गीतरामायणात आधी गदिमांचे शब्द, मग बाबूजींची चाल. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ५६ गाणी अशीच आली. सिनेमात बहुतेक वेळा उलटं चालतं: संगीतकार चाल ऐकवतो आणि गीतकार तिच्या मीटरमध्ये शब्द बसवतो. जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रतींत तर पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे चाल ओळखीची, शब्द तेवढे नवे. पण थोरामोठ्यांचं पुष्कळ लिहून झालंय, आता तुमचं सांगा. ऐकताना कान आधी कुठे जातो? काही रचत असाल तर सुरुवात कुठून होते? ‘मला गाण्यातलं काही कळत नाही’ म्हणणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

अंतरा_अडलाय
मी हौशी, बालनाट्यांसाठी गाणी लिहितो. चाल करणारा मित्र मोबाइलवर गुणगुणून पाठवतो, आणि डमी शब्द म्हणून त्याला ‘कांदा-भजी’च सुचतात. दोन दिवस मग डोक्यातून भजी जात नाहीत. खरी अडचण मात्रांची नसते, त्या मोजता येतात. अडचण असते सूर लांबतो तिथल्या स्वराची. एका ओळीच्या शेवटी ‘आला ऋतू’ होतं आणि चाल नेमकी वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, थांबत होती. गाणाऱ्या मुलीचे ओठ ‘ऊ’वर मिटायचे, आवाज आत अडकायचा. ‘ऋतू आला’ केलं आणि गळा मोकळा सुटला. मीटर जरा सांडलं, ते मित्राने एका मुरकीत सांभाळून घेतलं. तेव्हापासून लांब सुरासाठी आधी ‘आ’कार शोधतो, अर्थ मागून येतो. कवी मंडळी रागावतील, रागावोत!

ढोलकी_पुढे
शब्द? मला शब्द ऐकूच येत नाहीत. आवडत्या गाण्याचा दुसरा अंतरा विचाराल तर गप्प बसेन, पण त्यात तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून केलेला शेवट) कुठे येते ते झोपेतून उठवून विचारा.

वरचा_सा
साठी ओलांडली, दोन्ही कानांना मशीन आहे. हे मशीन माणसांचं बोलणं ऐकू यावं म्हणून केलेलं. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा नाहीतर इंजिन, असं धरून ते तो दाबतं. तंबोराही एकसारखाच चालतो, मग तोही दबतो. बासरीचा लांब सूर लागला की मशीनला वाटतं आपलीच शिट्टी वाजतेय, ती मारायला जातं आणि सूर थरथरायला लागतो. मला वाटायचं वादकच कच्चा आहे. ऑडिओलॉजिस्टकडून गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून घेतला, त्यात ही दोन्ही कामं बंद ठेवलीत. फरक पडला. ज्यांना मशीन आहे त्यांनी हे मागून घ्या, आपणहून कुणी सांगत नाही. तरी तंबोरा लावताना मी अजून भोपळ्याला गाल टेकवते. षड्ज हाडातून कळतो. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गांधार, जो कुणी छेडत नाही, तो मात्र हल्ली हाती लागत नाही.

परदेशी_पेटी
आमच्याकडे बापलेकीचं भांडण. मी पेटीवर भूप राग वाजवतो, ती गिटारवर साथीला कॉर्ड धरते. तिने धैवतावरची मायनर कॉर्ड धरली की मला धैवतच षड्ज वाटायला लागतो आणि भूपाचा धानी राग होतो. स्वर तेच पाच! मूर्च्छना म्हणजे हेच, स्वर तेच ठेवून षड्ज बदलणं; ते मला गुरुजींपेक्षा तिने जास्त नीट कळवलं. ती म्हणते, ‘बाबा, घर तेच आहे, मी फक्त खालचा मजला बदलला.’ मला काही तो मजला राहण्याजोगा वाटत नाही.

दळणकांडण
माझ्या आजीला बसून ओव्या म्हण म्हटलं तर दोन-तीनच्या पुढे जायची नाही. मग जात्याचा खुंटा हातात दिला, मूठभर ज्वारी टाकली आणि ती सुरू झाली. हात फिरला की ओवी येते. पहिली ओळ आईकडून आलेली, दुसरी तिची स्वतःची, कधी सुनेला टोमणाही त्यातच. चाल सगळ्यांना एकच. आधी शब्द की आधी चाल हा प्रश्न तिला विचारला तर म्हणाली, ‘आधी दळण.’ हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्यात. त्या नुसत्या कागदावर वाचू नका, ध्वनिमुद्रणंही आहेत.

ढोलकी_पुढे
@दळणकांडण, ही आजी माझ्या बाजूची!
@अंतरा_अडलाय, ती कांदा-भजीची चाल इकडे पाठवा. शब्द राहू देत, ठेका मी लावतो.