महावीर उद्यानातल्या स्तंभापासून वंशसंहाराचा धडा सुरू करता येईल का?

प्रश्न : इतिहास शिक्षिका, राजारामपुरी

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. वंशसंहार म्हणजे काय हे नववीच्या मुलांना समजावून सांगायचे मी ठरवले आणि पहिल्याच तासाला अडखळले. नाझी जर्मनीने मारलेल्यांचा आकडा म्हणून फळ्यावर मी ‘६० लाख ज्यू’ असे लिहिले, मुलांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले आणि एकाने विचारले, "मॅडम, हा आकडा परीक्षेला येणार का?" त्या मुलाची काहीच चूक नव्हती. मी त्याच्यापुढे आकडा ठेवला होता, माणूस ठेवला नव्हता.

म्हणून आता सुरुवात आपल्या गावातून करावी असे मनात आहे. महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांच्या आठवणीचा एक स्तंभ आहे आणि सकाळी फिरायला येणारे कितीतरी लोक रोज त्याच्या बाजूने जातात. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. हे लोक पूर्व पोलंडातले, जो भाग १९३९ मध्ये सोव्हिएत संघाने ताब्यात घेतला होता. फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत पोलिसांनी रात्री-अपरात्री दारे ठोठावून, तासाभरात सामान आवरायला लावून लाखो माणसांना मालगाडीच्या डब्यांत कोंबले आणि सैबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकले, जिथे भुकेने, थंडीने आणि रोगराईने कितीतरी जण दगावले. जर्मनीने १९४१ मध्ये सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर उरलेल्यांना सोडण्यात आले आणि त्यांतले काही हजार इराणमार्गे आपल्याकडे पोचले.

या लोकांवर जे गुदरले त्याला वंशसंहार म्हणणे बरोबर ठरेल का? आणि चौदा वर्षांच्या मुलांना हे कसे सांगावे, की त्यांना ते आजच्या जगाशी जोडता येईल आणि तरीही त्यांच्या मनात कोणाविषयी द्वेष उरणार नाही?

उत्तर १ : शाहूपुरीतील एक निवृत्त शिक्षक

ताई, तुमची तळमळ कळते, पण माझे मत थोडे वेगळे आहे. जुन्या जखमांच्या खपल्या काढल्या की नवे रक्त येते, हे मी पाहिले आहे. एकाने आपल्या लोकांवरचे अत्याचार सांगितले की दुसरा आपल्या लोकांवरचे सांगतो आणि वर्गात नकळत दोन गट पडतात. मुलांना छावणी, तिथली शाळा, तिथले चर्च आणि आपल्या लोकांनी केलेला पाहुणचार एवढेच सांगावे. त्यापलीकडचे त्यांना मोठेपणी कळेलच.

उत्तर २ : एक वकील, कसबा बावडा

मॅडमच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हेच मुलांना शिकवण्यासारखे आहे. ‘जिनोसाइड’ (वंशसंहार) हा शब्द राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलाने १९४४ मध्ये घडवला. त्याने ल्वूव्ह येथे कायद्याचे शिक्षण घेतले होते, म्हणजे ज्या पूर्व पोलंडातून वळिवड्याचे लोक आले त्याच भागात. १९१५ पासून ऑटोमन तुर्की साम्राज्यात आर्मेनियन लोकांची कत्तल करवणाऱ्यांवर खटला चालत नाही, ही गोष्ट त्याला तरुणपणापासून छळत होती. पुढे नाझींनी त्याच्या स्वतःच्या कुटुंबातील ४९ जणांना मारले. त्याच्या अखंड पाठपुराव्यामुळे ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांचा वंशसंहारविरोधी करार मंजूर झाला आणि भारतानेही १९५९ मध्ये त्याला मान्यता दिली.

या करारानुसार राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूहाचा संपूर्ण वा अंशतः नाश करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. राजकीय गट त्यातून वगळले गेले आणि त्यासाठी सोव्हिएत संघ विशेष आग्रही होता. म्हणूनच १९४० च्या त्या हद्दपारीला काय म्हणावे यावर आजही वाद होतात. माझ्या मते वर्गात तो निकाल लावण्याची गरज नाही. तो गुन्हा होता, त्याची आखणी झाली होती, कोणाला उचलायचे याच्या याद्या आधीच तयार होत्या, एवढे मुलांना निःसंदिग्धपणे सांगता येते.

सरांच्या शंकेबद्दल. आठवणीचा गैरवापर होतो हे त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे. १९८९ मध्ये युगोस्लाव्हियातील सर्बियाचे नेते स्लोबोदान मिलोशेविच यांनी सर्ब आणि ऑटोमन तुर्क यांच्यातील १३८९ च्या कोसोव्हो लढाईच्या सहाशेव्या स्मृतिदिनी लाखोंच्या सभेत भाषण केले, दुसऱ्या महायुद्धात सर्बांवर झालेले खरे अत्याचारही त्या वर्षांत वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून सतत उगाळले गेले, आणि जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. पण सर, त्या प्रचाराला एवढे बळ आले, कारण आधीच्या काळात महायुद्धातल्या त्या कत्तलींविषयी फारसे मोकळेपणाने बोलले गेले नव्हते. शिक्षकाने जे नीट सांगितले नाही ते पुढे कोणीतरी आपल्या सोयीने सांगतो. शिवाय तिथे मारेकऱ्यांनी पुरलेली प्रेते यंत्रांनी उकरून दुसरीकडे नेली, पुरावाच राहू नये म्हणून. विसरून जावे ही अशा वेळी मारणाऱ्याची गरज असते.

उत्तर ३ : साखर कारखान्यांच्या यंत्रांची कामे करणारा एक अभियंता, उचगाव

कामानिमित्त मी काही महिने आफ्रिकेतील रवांडात होतो, म्हणून लिहितो. तिथे १९९४ मध्ये बहुसंख्य हुतूंमधल्या कट्टर गटांनी अल्पसंख्य तुत्सींचा वंशसंहार घडवला. राजधानी किगालीच्या दक्षिणेला न्यामाता नावाचे गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये एप्रिल १९९४ मध्ये हजारो तुत्सी आसऱ्याला आले होते आणि तिथेच मारले गेले. त्यांचे कपडे आज चर्चच्या बाकांवर ढीग करून ठेवले आहेत. धूळ आणि मातीने सगळ्यांचा रंग एकच झाला आहे, त्यामुळे कोणता कपडा बाईचा आणि कोणता पुरुषाचा हे पटकन कळत नाही, पण लहान मुलाचा लगेच कळतो. मी एका बाकापाशी थांबलो, तिथे एक छोटा स्वेटर होता. त्याच्या कोपराला ठिगळ लावलेले होते. कोणीतरी दिव्यापाशी बसून ते शिवले असणार, पोराने तो आणखी एक थंडी वापरावा म्हणून.

तिथे वापरले गेलेले मुख्य हत्यार म्हणजे आपल्याकडच्या कोयत्यासारखे शेतातले अवजार. मी कागल तालुक्यातल्या ऊसतोडीच्या फडांवर लहानाचा मोठा झालो; कोयता आमच्या दाराआडच असायचा. तो पाहून मला कधी भीती वाटली नव्हती, तिथे वाटली. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मेली आणि मारणाऱ्यांत कितीतरी शेजारी होते.

मॅडम, मुलांना ‘आज’ दाखवायचा असेल तर त्या शंभर दिवसांच्या आधीची साठ वर्षे दाखवा. १९३० च्या दशकात तेव्हा रवांडावर राज्य करणाऱ्या बेल्जियन सरकारने प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा (तिथला तिसरा, अगदी छोटा समाज) असे लिहायला लावले. स्वातंत्र्यानंतरही ती नोंद कोणी काढली नाही आणि १९९४ मध्ये रस्त्या-रस्त्यावर अडवून हेच कार्ड तपासले जात होते. त्याआधी कित्येक महिने एक रेडिओ केंद्र गाणी आणि गप्पांच्या अधूनमधून तुत्सींना ‘झुरळे’ म्हणत होते. झुरळ म्हटले की पुढचे काम घरातल्या साफसफाईसारखे वाटू लागते. आपल्या मुलांच्या मोबाइलवर, आपल्याच कुटुंबाच्या ग्रुपवर, कोणत्या समाजाला कोणत्या किड्यामुंगीचे नाव दिले जाते, हे त्यांना स्वतःलाच शोधायला सांगा. ती यादी करताना मुले फार प्रामाणिक असतात, मोठ्यांपेक्षा जास्त.

उत्तर ४ : गांधीनगर

मी सिंधी कुटुंबातला आहे, माझा जन्म इथलाच. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या आमच्या लोकांना जागा मिळाली आणि त्या छावणीचे गांधीनगर झाले. आज कापड घ्यायला येणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल, कोण जाणे. आजी सांगायची, त्यांच्या बराकीपुढे दगड तिरके रोवून केलेला फुलांचा वाफा होता, आधीच्या बाईने केलेला. फुले वाळून गेली होती. आजीने दगड तसेच ठेवून त्यात मेथी पेरली. "तिलाही घर सोडावे लागले, मलाही," एवढेच ती म्हणायची. सिंधमध्ये शेवटच्या दिवसांत काय पाहिले, ते तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. माझ्या आईला यांतले बरेच ठाऊक आहे. ती मुलांशी बोलायला तयार आहे, मी विचारले.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सर, गट पडण्याची तुमची भीती मी मनात ठेवीन. म्हणूनच वर्गात ‘कोणी केले’ याआधी ‘पहिली गोष्ट कोणती घडली’ हे विचारायचे ठरवले आहे : यादी, कार्ड की शिवी. फळ्यावर यावेळी आकडा नसेल, ओळखपत्राचा एक रिकामा नमुना असेल आणि त्यात कोणता रकाना नसावा हे मुलांनी सांगायचे आहे.

या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आधी महावीर उद्यानात आणि तिथून वळिवड्याला जाऊ. गांधीनगरच्या दादा, तुमच्या आईंना कुठे यायला लावणार नाही. अठ्ठावीस मुले आहेत, अंगणात सतरंजीवर मावतील ना, तेवढे कळवा.