ज्वारीची भाकरी उचलताना तुटते, डब्याचं कसं जमवू?

प्रश्न
नमस्कार. वय ४१, राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत. गेल्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, गोळी इतक्यात नको, आधी खाणं सुधारा. मधुमेहानं बाबांचे हाल झालेले मी जवळून पाहिलेत, त्यामुळे हे मनावर घेतलंय. कँटीनचा मैद्याचा रोल आणि चारच्या चहाची बिस्किटं बंद केली. आता डब्यात भाकरी न्यायची आहे, पण तीन रविवार झाले, परातीतून उचलली की तुकडे होतात. पीठ पाकिटातलं आहे. कुणी नीट सांगेल का?

मंगळवेढेकर काकू
आधी पीठ बदला. तुमच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलीय, मग कितीही मळा, भाकरी तुटणारच. मार्केट यार्डात भुसार बाजारातून मालदांडी ज्वारी आणा आणि गिरणीत एका वेळी किलोभरच दळा, आठ-दहा दिवसांत संपेल इतकं.

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून आधणाचं पाणी लागतं. पिठात आळं करून उकळतं पाणी घाला, उलथन्यानं कालवा. हाताला सोसेल इतकं निवलं की एका भाकरीपुरतं पीठ घेऊन तळहातानं चांगलं रगडा. थापताना कडेला भेगा पडल्या तर तसंच पुढे रेटू नका, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवा आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटा. नवशिक्यांचं इथंच चुकतं. उशीर झाला की तडे जातात, मग फुगत नाही.

डब्यात कोरडी भाजी नको, घास घशात अडकतो. मटकीची अंगाबरोबर रस्सा असलेली उसळ न्या. सकाळी भिजवा, रात्री फडक्यात बांधा. थंडीत मोड यायला एक दिवस जास्त लागतो.

स्वाती, सहकारनगर
काकूंची रीत अगदी खरी. पण दादा, पिष्ट (स्टार्च, ज्याची पोटात साखर होते) भाकरीतही असतंच. ज्वारी म्हणून तीन-तीन खाल्ल्या तर उपयोग नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांतही जवळजवळ अर्धं ताट भाज्या-फळांचं आहे. आईची साखर मी जेवणानंतर दोन तासांनी तपासते. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि भरपूर पालेभाजी असली की आकडा आटोक्यात राहतो. नुसती पिठलं-भाकरी झाली की चढतो. प्रत्येकाचं वेगळं असतं, तुम्हीही मोजून बघा.

प्रश्नकर्ता
काकू, काल ताजं पीठ आणलं. पहिली कडेला चिरली, दुसरी अख्खी उचलली आणि तव्यावर टम्म फुगली! बायकोला हाक मारून दाखवली. स्वातीताई, आज मंडईतून चाकवताच्या दोन जुड्या आणल्यात. ताकातला चाकवत डब्यात दुपारपर्यंत टिकतो का, की आंबतो?

मंगळवेढेकर काकू
ताक आंबट नको. आणि डबा भरण्याआधी भाजी पूर्ण निवू द्या.