संख्या ५०च, मग पुनरावृत्त डीएनए नेमके काय बदलतो?

प्रश्न (बडोदे): गेल्या आठवड्यात रोहूच्या वृक्कपेशींच्या, गिम्साने रंगवलेल्या स्लाइडवर मी ५० गुणसूत्रे मोजली. कटला आणि मृगळ यांचीही संख्या ५०च आहे. मग पुनरावृत्त डीएनएमुळे (म्हणजे तोच क्रम पुन्हापुन्हा येणाऱ्या डीएनएमुळे) माशांची गुणसूत्रे बदलतात, हे कसे समजावे?

उत्तर १: ताई, संख्येवर थांबू नका. हे पुनरावृत्त क्रम दूरदूरच्या जागी सारखेच असल्याने पेशीविभाजनात कधी चुकीच्या जोड्या जुळतात आणि त्यातून गुणसूत्राचा तुकडा उलटतो, गळतो किंवा दुसऱ्याला चिकटतो. म्हणून संख्या तीच राहूनही गुणसूत्राच्या भुजांची लांबी आणि १८एस आरडीएनएची (रायबोसोमच्या एका घटकाच्या जनुकांची) जागा बदलू शकते. झेब्राफिशच्या जनुकसंचाचा अर्ध्याहून अधिक भाग तर जागा बदलणाऱ्या क्रमांचाच आहे.

उत्तर २: काही माशांत तर संख्याही बदलते. दक्षिण अमेरिकेतील 'होप्लियास मालाबारिकस' हा मासा पाहा (नावात मलबार असले तरी तो मलबारचा नाही). त्याच्या निरनिराळ्या गटांत ३९ ते ४२ गुणसूत्रे आढळतात. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते.

उत्तर ३: गुणसूत्राच्या मधोमध टीटीएजीजीजी हा टेलोमियरचा (गुणसूत्राच्या टोकाचा) क्रम चमकला, तर ती दोन गुणसूत्रांच्या जुन्या जोडणीची खूण असू शकते, मात्र तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण हा क्रम इतर मार्गांनीही तेथे पोहोचतो.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आता त्याच स्लाइडवर ५एस आरडीएनएच्या जागा शोधते.