मदत हवी आहे : घरातील जुने तैलचित्र कोणाचे आणि कोणी काढलेले असावे?

जाणकारांस नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील आमच्या जुन्या घराच्या माडीवर एक तैलचित्र पिढ्यान्‌पिढ्या टांगलेले होते. घराच्या वाटण्या झाल्यावर ते माझ्याकडे आले. ते माझ्या खापरपणजोबांचे असून प्रत्यक्ष राजा रविवर्मा यांनी काढले आहे, असे घरात सर्वजण ठामपणे सांगत आले आहेत. जुन्या घरातल्या निम्म्याअधिक तैलचित्रांचे श्रेय रविवर्म्यांना देण्याची आपल्याकडे रीतच असल्याने त्या दाव्याकडे मी फारसे लक्ष दिले नव्हते. परंतु चित्र भिंतीवरून उतरवून दिवसाच्या उजेडात पाहिल्यावर चित्रकाराचेच नव्हे, तर चित्रातील व्यक्तीचेही कोडे पडले आहे.

चित्र सुमारे 3 फूट उंच आणि अडीच फूट रुंद आहे. पन्नाशीचे एक गृहस्थ खुर्चीवर बसलेले असून डोक्यावर चक्रीदार पगडी, अंगात पांढरा अंगरखा, खांद्यावर जरीकाठी उपरणे आणि डावा हात एका जाड पुस्तकावर, अशी बैठक आहे. चेहरा फार उत्तम रंगवला आहे; डोळ्यांखालची सैल कातडी आणि मिशीतले पांढरे केस वेगवेगळे दिसतात. हात मात्र त्या मानाने ठोकळ आहेत. शिवाय चेहऱ्यावरची सावली उजवीकडे पडली आहे, तर पुस्तकाची डावीकडे. त्यावरून चेहरा छायाचित्रावरून घेतला असावा आणि बाकीचे चित्रकाराने आपल्या अंदाजाने भरले असावे, असा माझा तर्क आहे. माणूस गेल्यावर फोटोवरून तैलचित्र करवून घेणे त्या काळी सर्रास चालत असे, त्यामुळे वेशभूषेवरून काळ ठरवणे धोक्याचे वाटते.

खरी अडचण छातीवरच्या पदकाची आहे. लाल फितीला अडकवलेले, ताऱ्यासारख्या किरणांचे, वर मुकुट आणि मध्यभागी कोणा राजाचे मुख असलेले हे पदक भिंगातून पाहिल्यास बरेच स्पष्ट दिसते. फितीच्या दोन्ही कडा गडद लाल आहेत. माझ्या वाचनाप्रमाणे रावबहादूर, रावसाहेब इत्यादी किताबांसोबत द्यायची पदके पंचम जॉर्ज यांनी 1911 सालच्या दिल्ली दरबाराच्या वेळी सुरू केली आणि त्यांच्या फितींचे रंग दर्जाप्रमाणे ठरवून दिले होते. रावबहादूर दर्जाला गडद काठांची लाल फीत होती, तर रावसाहेबांना फिक्या काठांची गडद निळी. हे बरोबर असेल, तर चित्र 1911 नंतरचे ठरते आणि 2 ऑक्टोबर 1906 रोजी निधन पावलेल्या रविवर्म्यांचे नाव आपोआपच गळते.

पण त्याच न्यायाने खापरपणजोबाही गळतात, कारण ते 1902 मध्ये वारले. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या पणजोबांना, पुढे सरकारकडून किताब मिळाला होता. मात्र तो रावसाहेबाचा; त्याची सनद घरात आहे. मग लाल फीत कशी? वॉर्निश पिवळे पडल्यामुळे रंग बदलून दिसत असतील, ही शंका मीही घेऊन पाहिली. उपरण्याचा पांढरा रंग आता हळदीकडे झुकला आहे, हे खरे. परंतु पिवळ्या थराखाली निळा रंग हिरवट दिसेल, लाल दिसणार नाही. तिसरी शक्यता पणजीच्या वडिलांची. ते सरकारी इंजिनिअर होते आणि रावबहादूर होते, असे माहेरच्या बाजूचे लोक सांगतात. लेकीकडे वडिलांचे चित्र येणे आणि दोन पिढ्यांनी ते सासरच्याच पूर्वजाचे मानले जाणे, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. पदक मागाहून रंगवले असण्याची शक्यताही उरतेच. बाजूने टॉर्चचा तिरपा प्रकाश टाकला असता पदकाभोवती रंगाचा वेगळा उंचवटा दिसला नाही आणि त्याखालून अंगरख्याच्या चुण्याही उमटलेल्या नाहीत, एवढेच मी सांगू शकतो.

आता चित्रकाराविषयी. कॅनव्हासच्या पाठीवर लंडनच्या विन्सर अँड न्यूटन या कंपनीचा शिक्का असून त्यात ‘लिमिटेड’ हा शब्द वाचता येतो. ती कंपनी 1882 साली लिमिटेड झाली, म्हणून कॅनव्हास त्यानंतरचा. याहून अधिक त्यातून निघत नाही. सही उजव्या कोपऱ्यात खाली आहे, पण तिचा बहुतेक भाग चौकटीच्या खाचेत गेला आहे. रोमन लिपीतील शेवटची दोन अक्षरे ए आणि आर आहेत. त्यांच्या आधीचे अक्षर के असावे किंवा एच. के असल्यास हळदणकरांपासून परांडेकरांपर्यंत अर्धा महाराष्ट्र रांगेत उभा राहतो! एच असल्यास धुरंधर हे नाव मनात येते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी आयुष्य घालवले, व्यक्तिचित्रेही पुष्कळ केली आणि योगायोग असा की ते स्वतःही रावबहादूर होते. तथापि, एका अक्षराच्या जोरावर एवढे मोठे नाव चिकटवण्याची माझी मुळीच इच्छा नाही; आधीच्या पिढ्यांनी तेच केले आहे.

तेव्हा विनंती अशी, की किताबांच्या या पदकांची ज्यांना माहिती आहे त्यांनी फितीविषयीचे माझे म्हणणे तपासून द्यावे आणि राजाचे मुख पाहून ते पदक पंचम जॉर्ज यांचे की नंतरच्या सहाव्या जॉर्ज यांचे हे कसे ओळखावे, ते सांगावे. किताबांच्या याद्या नववर्षाला आणि राजाच्या वाढदिवसाला राजपत्रात प्रसिद्ध होत असत. मुंबई इलाख्यातील 1911 ते 1930 या काळातील अशा याद्या पुण्याच्या किंवा मुंबईच्या पुराभिलेखागारात सामान्य माणसाला पाहता येतात का, आणि त्यासाठी अर्ज कसा करावा लागतो? हळदणकर, धुरंधर किंवा त्यांच्या समकालीनांची सही केलेली तैलचित्रे ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांनी अक्षराच्या वळणाबद्दल लिहिल्यास फार उपकार होतील.

चौकट काढल्याशिवाय सही पूर्ण दिसणार नाही, पण कॅनव्हासची खालची कड ठिसूळ झाली असून तेथील रंगाचे पापुद्रे सुटू लागले आहेत. गावातील एका फ्रेमवाल्याने चौकट उचकटून चित्र कापलेल्या बटाट्याने पुसून देण्याची तयारी दाखवली होती. मी नम्रपणे नकार दिला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला-संवर्धन केंद्राकडून कोणी खासगी चित्राची तपासणी करून घेतली असल्यास खर्च साधारण किती आला, आणि चित्र साताऱ्याहून नेताना ते उभे ठेवावे की आडवे, हेही कृपया कळवावे. पदक, सही आणि शिक्का यांची जवळून घेतलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत.